मेजावरचा कागद

मराठी वाचकाला प्रस्तावनेचे वावडे नाही. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांना जोडलेल्या प्रस्तावना पुढे स्वतंत्र ग्रंथाच्या मानाने वाचल्या गेल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा अकारविल्हे नोंदींना हात घालण्याआधी पाच प्रस्तावनाखंड सिद्ध केले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे शिवचरित्र लिहून व्हायचे राहिले; त्यांच्यामागे १९६४ साली प्रसिद्ध झाली ती संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने. आणि इतिहासाचा विचार करणारा जगातला एक थोर ग्रंथही मुळात प्रस्तावनाच आहे. आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत राहून इब्न खल्दूनने १३७७ साली तो लिहिला. आपल्या मोठ्या इतिहासग्रंथाचा तो आरंभ होता, म्हणून त्याचे नाव 'मुकद्दिमा', म्हणजे पुढे ठेवलेले. आपल्याकडचा मुकादम हा पुढे उभा राहणारा, आणि कोर्टातला मुकदमा म्हणजे न्यायाधीशापुढे ठेवलेले प्रकरण. तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत.

हा गोतावळा मला फार जवळचा वाटतो. विद्यापीठात इतिहास शिकणे म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी इतकेच सांगेन, की कोणीतरी कोणापुढे तरी काहीतरी ठेवते आणि मग दोघे मिळून त्याची छाननी करतात. कोणी, कोणापुढे, काय ठेवले, हे देशोदेशी आणि काळाकाळात बदलत गेले. पुढच्या लेखांत त्या बदलांची हकीकत आहे. ती वाचण्याआधी वाचकाला थोडी वाट दाखवावी, एवढाच या पानांचा हेतू.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. विद्यापीठे जुनी आहेत, पण त्यांतला इतिहास हा विषय अलीकडचा आहे. नालंदेच्या पंचविद्यांत व्याकरण होते, हेतुविद्या होती, चिकित्सा होती, इतिहास नव्हता. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथल्या मध्ययुगीन विद्यार्थ्याने तर्क, अलंकार, कायदा, ईश्वरशास्त्र यांची घोकंपट्टी केली. लिव्ही किंवा सॅलस्ट वाचला तो लॅटिन सुधारण्यासाठी. खुद्द इब्न खल्दून कैरोला गेला, तिथे मदरशात अध्यापक झाला, तो मालिकी धर्मशास्त्र शिकवण्यासाठी. ज्याने समाजांच्या उदयास्ताचा एवढा विचार केला, त्याला पगार मिळत होता कायदा शिकवण्याचा. चीनमध्ये मात्र इ. स. ६२९ मध्ये तांग दरबाराने इतिहासलेखनाची स्वतंत्र कचेरीच उघडली. पण ती दरबाराची कचेरी होती. तिथे मागच्या राजवटीचा इतिहास आजच्या राजवटीचे नोकर लिहीत.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅम्डेनने १६२२ साली ऑक्सफर्डला प्राचीन इतिहासाचे अध्यासन करून दिले. १७२४ साली पहिल्या जॉर्ज राजाने ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे आधुनिक इतिहासाची अध्यासने निर्माण केली. राजाला इतिहासाचे प्रेम होते म्हणून नव्हे. परदेशी वकिलातींत पाठवायला जरा जग पाहिलेली, भाषा येणारी मुले हवी होती. केंब्रिजच्या त्या खुर्चीवर १७६८ मध्ये कवी टॉमस ग्रे बसला आणि तीन वर्षांनी वारला, तोवर त्याने एकही व्याख्यान दिले नाही. खुर्ची होती, पगार होता, विषय मात्र अजून जन्माला यायचा होता.

तो जन्मला जर्मनीत, आणि त्याच्या बारशाची जागा म्हणून बहुतेक जण बर्लिनकडे बोट दाखवतात. लिओपोल्ड रांके हा फ्रँकफुर्ट-आन-देर-ओडर गावच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. १८२४ साली त्याने लॅटिन आणि जर्मन लोकांच्या इतिहासावर पुस्तक लिहिले आणि त्याला एक परिशिष्ट जोडले. आपल्या आधीच्या नामांकित इतिहासकारांनी कोणाचे काय उचलले, कोणी पाहिले न पाहता लिहिले, हे त्या परिशिष्टात त्याने एकेका वाक्याला धरून दाखवले. त्या पुस्तकाच्या बळावर पुढच्याच वर्षी त्याला बर्लिन विद्यापीठात बोलावणे आले. तिथल्या राजग्रंथालयात व्हेनिसच्या वकिलांनी आपल्या राज्याला पाठवलेल्या अहवालांची हस्तलिखित बाडे पडून होती. रांके त्यांत बुडाला. आणि मग १८३० च्या दशकात आपल्या घरी निवडक विद्यार्थ्यांना बोलावून त्याने जे सुरू केले, त्याचे नाव सेमिनार.

या शब्दाचे आज आपल्याकडे फार हाल झाले आहेत. पाहुण्यांचे स्वागत, दीपप्रज्वलन, चहा आणि प्रमाणपत्र म्हणजे सेमिनार, अशी समजूत रुळली आहे. रांकेच्या घरी असले काही नव्हते. एक मेज, भोवती मोजके तरुण, आणि मेजावर एखादी मध्ययुगीन बखर किंवा सनद. लिहिणारा कोण, त्याला हे कळले कसे, तो त्या वेळी कुठे होता, त्याचे वाक्य आधीच्या कोणाशी जुळते का, जुळत असेल तर उचलले कोणी कोणाचे, हे प्रश्न एकेका विद्यार्थ्याने सोडवायचे आणि बाकीच्यांनी त्याला धारेवर धरायचे. गेऑर्ग वाइट्स, हाइन्रिश फॉन झीबेल ही पुढची मोठी नावे त्याच मेजाभोवती तयार झाली. झीबेलने १८५९ साली 'हिस्टॉरिशे त्साइटश्रिफ्ट' हे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. रांकेच्या मागे त्याचा ग्रंथसंग्रह अमेरिकेतल्या सिराक्यूस विद्यापीठाने विकत घेतला. मेजावरची पुस्तके समुद्रापार गेली.

पद्धतही तशीच गेली. १८७६ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले आणि जर्मनीत शिकून आलेल्या हर्बर्ट बॅक्स्टर अॅडम्सने तिथे लांब मेज मांडले. वुड्रो विल्सन तिथला विद्यार्थी. फ्रान्सने त्याआधीच, १८२१ मध्ये, जुनी कागदपत्रे वाचायला शिकवणारी 'एकोल दे शार्त' ही संस्था काढली होती. तोक्योला १८८७ साली लुडविग रीस हा जर्मन तरुण इतिहास शिकवायला आला. जपानी लोकांनी ही पद्धत किती मनापासून घेतली, हे पाच वर्षांतच कळले. कुमे कुनिताके या प्राध्यापकाने शिंतो म्हणजे आकाशपूजेच्या प्राचीन रूढीचा अवशेष आहे, असा लेख लिहिला. गदारोळ झाला आणि १८९२ मध्ये त्याला विद्यापीठ सोडावे लागले. कागदाची छाननी करायला शिकवणे हे निरुपद्रवी काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कुमेचे नाव लक्षात ठेवावे.

इंग्लंडने मात्र वेगळा रस्ता धरला. ऑक्सफर्डला १८७२ साली आणि केंब्रिजला १८७३ साली इतिहासाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. पण तिथे भर राहिला शिक्षकाला दर आठवड्याला निबंध वाचून दाखवण्यावर आणि शेवटच्या परीक्षेवर. पार्लमेंटमध्ये बसणारा, वसाहतीत कारभार करणारा माणूस घडवायचा, त्याला राष्ट्राच्या घटनेचा इतिहास ठाऊक असला पाहिजे, असा हिशेब होता. या पद्धतीला मी हलके लेखत नाही. दर आठवड्याला एका प्रश्नावर स्वतःचे मत मांडून ते शिक्षकापुढे राखणे, ही साधी तालीम नव्हे. पण आपल्या वाट्याला तीही आली नाही.

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ती शिकवीत नसत; परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवायचे कॉलेजांनी. १९०४ च्या कायद्यानंतर विद्यापीठांनी स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाली, तोवर अर्धे शतक उलटून गेले होते. एवढ्या काळात 'इतिहास' म्हणजे नेमलेले पुस्तक आणि त्यावरचे प्रश्न, ही समजूत हाडीमाशी खिळली. नेमलेले पुस्तक बहुधा इंग्लंडचे किंवा इंग्रजाने लिहिलेले हिंदुस्थानचे. महादेव गोविंद रानडे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी अमलापेक्षा मराठ्यांचा कारभार बरा होता असे दाखवले, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. त्याच रानड्यांनी १९०० साली 'राइज ऑफ द मराठा पॉवर' लिहिले. मधल्या चाळीस वर्षांत तो निबंध त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा लिहिला जात असला पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

इथे महाराष्ट्राची गोष्ट इतर प्रांतांपासून निराळी होते, आणि मला तिथे जरा रेंगाळायचे आहे. आपल्याकडे विद्यापीठात मेज नव्हते. कागद मात्र गावोगाव होते. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघराच्या फडताळात, कुलकर्ण्यांच्या दप्तरात, रुमालांत बांधलेले. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६८ मध्ये ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका छापली आणि त्याच्या आधारांवर, मतांवर बोट ठेवले. डफचे पुस्तक १८२६ चे. बेचाळीस वर्षे ते प्रमाण मानले गेले होते. त्यानंतर काशिनाथ नारायण साने यांनी १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' मासिकातून बखरी आणि पत्रे छापायला घेतली. मिरजेच्या शाळेतले शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेला हा माणूस पुढची सगळी वर्षे गावोगाव कागद शोधत हिंडला. यांपैकी एकही इतिहासाचा प्राध्यापक नव्हता.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. माझ्या मते तेच आपले बर्लिन. सभासद येत, नवा सापडलेला कागद वाचत, त्यावर वाद घालत, आणि तो वाद छापला जाई. रांकेच्या घरचा सेमिनार यापेक्षा काही वेगळा नव्हता. फरक एवढाच की पुण्यातल्या या मेजाभोवती बसलेल्यांना परीक्षा द्यायची नव्हती आणि पदवी मिळणार नव्हती. त्यात मोकळेपणा होता आणि तोटाही होता. तरुण मुलगा तिथे आपोआप येत नसे; ज्याच्या घरात ते वारे होते तोच येई. संशोधन कोणी करायचे, कोणत्या पेठेतल्या, कोणत्या घरातल्या माणसाने, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. तो पुढे विचारला गेला, आणि मोठ्या आवाजात विचारला गेला.

त्याच काळात कलकत्त्यात दुसरी गोष्ट घडत होती. जदुनाथ सरकार हे इंग्रजी साहित्याचे एम.ए. कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि तिच्यासाठी लिहिलेल्या प्रबंधातून औरंगजेबाच्या काळावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९०१ साली निघाले. प्रेमचंद रायचंद मुंबईचे व्यापारी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा आहे. मुंबईच्या पैशावर एक बंगाली तरुण फारसी आणि मराठी कागदांकडे वळला, हा योग मला फार सुंदर वाटतो. बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत असलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांशी जदुनाथांचा स्नेह जडला. दोघांचा पत्रव्यवहार अनेक दशके चालला, किल्ले आणि रणभूमी दोघांनी बरोबर पायांखाली घातल्या. पुण्याचे पेशवे दप्तर अभ्यासकांना जवळजवळ बंद होते. ते धुंडाळायला कोणाला नेमावे हा प्रश्न आला तेव्हा जदुनाथांनी सरदेसायांच्या नावाचा आग्रह धरला, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत त्या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापून झाले. पुण्याच्या मंडळातल्या मंडळींना हा मार्ग रुचला नव्हता. कागदांवर हक्क कोणाचा, फारसी आणि इंग्रजी साधनांना वजन द्यावे की मराठी पत्रांना, यावर दोन्ही बाजूंनी कडवटपणे लिहिले गेले. आज त्या वादाकडे पाहताना मला दोन्ही बाजूंची तळमळ दिसते. दोघांनाही कागद मेजावर यायला हवा होता.

१९३५ साली याच मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात देशभरच्या इतिहासकारांची परिषद भरली. अलाहाबाद विद्यापीठाचे शफाअत अहमद खान अध्यक्ष होते. त्या परिषदेतूनच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस वाढली. विद्यापीठांतले इतिहासकार आणि विद्यापीठाबाहेरचे संशोधक इतक्या मोठ्या संख्येने एका मांडवाखाली बसले, आणि यजमान होते बाहेरचे. ही नोंद आपल्या इतिहासविभागांच्या भिंतीवर असायला हवी.

दरम्यान विद्यापीठाच्या आवारातही मेजे मांडली जात होती. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटाने १९२६ मध्ये संशोधनसंस्था काढली आणि विद्यार्थ्यांना ताम्रपट, नाणी, मूर्ती हाताळायला दिल्या. गोव्याच्या कदंबांवर लिहिणारे जॉर्ज मोरायस त्याच छत्राखालचे. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले. तिथे हसमुख सांकलियांनी विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ दिली आणि शेजवलकरांनी पानिपतावरचे आपले पुस्तक १९४६ साली पुरे केले. कोल्हापूरला १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघाले, त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे स्वतः कागदांत रमणारे इतिहासकार. दामोदर धर्मानंद कोसंबी तर गणिताचे. इतिहासाची पदवी नसलेल्या या माणसाने पुण्याभोवतीच्या टेकड्या, म्हसोबा, वेताळ आणि नाण्यांची झीज यांच्यापुढे उभे राहून १९५६ साली भारतीय इतिहासाची नवी मांडणी केली. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण मला मेजापेक्षा मेजाभोवतीच्या खुर्च्यांविषयी अधिक बोलायचे आहे.

१९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आपण त्यांना अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून ओळखतो, आणि तिथे त्यांचे सर्वाधिक विषय अर्थशास्त्राचेच होते. पण इतिहासाचेही अकरा अभ्यासक्रम त्यांनी घेतले. जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल यांची नावे त्यांनी पुढे कृतज्ञतेने घेतली. रॉबिन्सनचा आग्रह असा, की इतिहास राजे आणि लढाया यांतून बाहेर काढला पाहिजे. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी, भोवती सहाध्यायी, समोर शिक्षक, आणि मेजावर ठेवलेला विषय म्हणजे स्वतःच्या अंगावर वागवलेले जू. मायदेशी ज्याला शाळेत बाकावर बसू दिले नव्हते, तो इथे मेजापाशी बसला होता. सेमिनार या पद्धतीचे मोल मला त्या एका दिवसात जितके दिसते तितके बर्लिनच्या सगळ्या इतिहासात दिसत नाही.

पण मेज मांडले म्हणजे न्याय झाला असे नाही. त्याच वर्षांत, त्याच कोलंबियात, विल्यम डनिंग अमेरिकेच्या यादवीनंतरचा काळ शिकवत होते. त्यांच्या शिष्यांनी दक्षिणेतल्या एकेका राज्यावर कागदपत्रांनिशी प्रबंध लिहिले, तळटीपा दिल्या, आणि काळ्या माणसाला राज्यकारभार झेपला नाही असा निष्कर्ष काढला. मुक्त झालेल्या गुलामांचे स्वतःचे शब्द त्या तळटीपांत शोधावे लागत. हार्वर्डमधून १८९५ साली डॉक्टरेट मिळवलेल्या आणि बर्लिनमध्येही शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये त्या सगळ्या मांडणीला जाडजूड ग्रंथाने उत्तर दिले. १९३९ साली जॉन होप फ्रँकलिन हा हार्वर्डचा तरुण विद्यार्थी नॉर्थ कॅरोलायनाच्या अभिलेखागारात गेला. काळा संशोधक येईल अशी तिथे कोणी कल्पनाच केली नव्हती. त्याच्यासाठी वेगळी खोली करावी लागली, वेगळे मेज ठेवावे लागले. गोरे नोकर त्याला रुमाल आणून देणार नाहीत म्हणून कोठाराची किल्लीच त्याच्या हाती दिली. तेव्हा गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की याला आमच्यापेक्षा जास्त सवलत मिळते, आणि किल्ली परत घेतली गेली. चाळीस वर्षांनी, १९७९ साली, फ्रँकलिन अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते.

आता प्रश्न उरतो तो जिथे कागदच नाही तिथला. १७२४ साली ऑक्सफर्डला जे अध्यासन निघाले म्हणून मी वर सांगितले, त्याच खुर्चीवर बसलेल्या ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९६३ मध्ये असे मत दिले, की आफ्रिकेला इतिहास नाही. आहे तो तिथल्या युरोपीय माणसांचा, बाकी अंधार. हे बोलणे झाले तेव्हा नायजेरियातल्या इबादानच्या विद्यापीठात केनेथ ओन्वुका डिके आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षे इतिहास शिकवत होते. डिके यांचे नायजर नदीच्या मुखाकडच्या व्यापारावरचे पुस्तक १९५६ चे. त्यात ब्रिटिश दप्तरातले कागद होते आणि त्या नदीकाठच्या लोकांच्या तोंडच्या हकिकतीही होत्या. तोंडी हकीकत पुरावा म्हणून चालेल काय, यावर युरोपातल्या विद्वानांनी कपाळाला आठ्या घातल्या. बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी १९६१ साली त्यावर पुस्तकच लिहिले. सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, सांगण्यात त्याचा लाभ काय, वंशावळ म्हणताना चुकले तर त्याला कोण टोकते, या सगळ्याची छाननी करता येते असे त्यांनी दाखवले. म्हणजे रांकेचेच प्रश्न, फक्त मेजावर कागदाऐवजी माणसाचा आवाज.

आपल्याकडे हे काम झाले तेही पुन्हा विद्यापीठाबाहेर. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. सभेला जाताना पोरे कोणाकडे ठेवली, नवरा काय म्हणाला, परिषदेत ठराव कोणी मांडला, हे कोणत्याही दप्तरात नव्हते. माझ्या अभ्यासक्रमात ते पुस्तक नव्हते. मी ते शिक्षक झाल्यावर वाचले आणि त्या वर्षीच्या वर्गात पहिल्या दिवशी नेले.

आमच्या एम.ए.च्या वर्गाविषयीही इथे सांगायला हवे. मराठ्यांच्या इतिहासाचा संपूर्ण पेपर आम्ही मोडीचे एक अक्षर न वाचता पास झालो. सर चांगले होते, मनापासून शिकवत. पण दोन वर्षांत आमच्यासमोर एकही अस्सल पत्र आले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून गेली आणि आमच्या पिढीला आजोबांच्या हातचे पत्रही लागेनासे झाले. आज महाराष्ट्रातल्या दप्तरखान्यांत हजारो रुमाल आहेत आणि ते सरसर वाचणारी माणसे थोडी आहेत. मोडीचे वर्ग चालतात, उत्साहाने चालतात, निवृत्त झालेले बँकवाले आणि गृहिणी तिथे येतात, हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला कौतुक आहे. माझी तक्रार विद्यापीठांशी आहे. मराठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येक विभागात मोडी आणि निदान कामापुरती फारसी सक्तीची का नसावी, याचे पटण्याजोगे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. विद्यार्थी घाबरतील म्हणतात. विद्यार्थी घाबरत नाहीत. मी सांगतो तो अनुभव आहे.

मागे एका वर्षी आमच्या वर्गातल्या मुलीने घरून एक कागद आणला. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, घड्यांवर फाटलेला. घरात तो वतनाचा अस्सल कागद म्हणून जपलेला. दसऱ्याला त्याची पूजा होते, असे ती म्हणाली. आम्ही दोन बाके जोडली आणि कागद पसरला. अकरा मुले आणि मी. मजकूर लागेना, म्हणून आधी तारखेला हात घातला. बऱ्याच खटपटीने 'इहिदे सबैन मया व अलफ' एवढे जुळले. फळ्यावर मांडले: एक, सत्तर, शंभर, हजार, सुहूर सन ११७१. सुहूर सन मृगापासून सुरू होतो, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरअखेर असेल तर त्यात ५९९ मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांत ६००. म्हणजे १७७० चा पावसाळा ते १७७१ चा उन्हाळा, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. वर्गात एकदम गलका झाला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने कागद उचलून खिडकीकडे धरला आणि म्हणाला, "सर, आत काहीतरी लिहिलंय." उजेडात कागदाच्या अंगात जलचिन्ह दिसत होते, इंग्रजी अक्षरे आणि खाली साल. ते साल एकोणिसाव्या शतकातले होते. वर्ग चिडीचूप झाला. माधवरावांच्या काळातला मजकूर, आणि तो उतरवलेला कागद पेशवाई बुडाल्यानंतरचा. मुलगी हिरमुसली, म्हणाली, "म्हणजे खोटा का सर?" मी म्हटले, खोटा असे अजून म्हणता येत नाही, ही नक्कल आहे एवढेच म्हणता येते, आता नक्कल कोणी केली आणि कशासाठी, ते पाहू. १८५२ नंतर इनाम कमिशनपुढे आपापले हक्क शाबीत करायला लोकांनी कागद काढले, नकला केल्या, हे मी सांगितले. एकाने विचारले, मग मूळ कागद कुठे गेला? दुसऱ्याने विचारले, नक्कल करणाऱ्याने मधे काही घातले नसेल कशावरून? ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग तिने कागद स्वतःकडे ओढला आणि विचारले, "सर, पुण्याच्या दप्तरात आमच्या गावाचा रुमाल असेल का?"

तास संपला होता. पुढच्या वर्गाची मुले दारात उभी होती आणि आम्ही बाके परत जागेवर लावत होतो.